‘थांबा’चं ‘थांब’ कसं झालं?

परवा माझा संगणक माझ्याशी एकेरीत बोलायला लागला. हसू नका मंडळी, खरंच सांगते.

निवृत्तीनंतरचा विरंगुळा म्हणून मी सी भाषा शिकायला घेतली हे घरच्यांना ठाऊक आहे, आणि आता त्यांनी त्याची सवयही करून घेतली आहे. सध्या माझा खेळ चालू आहे सॉकेटचा. सॉकेट म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्या प्रोग्रॅमशी बोलण्यासाठी भिंतीला पाडलेली खिडकी समजा. एक प्रोग्रॅम निरोप पाठवतो, दुसरा घेतो आणि पडद्यावर छापतो. दोघेही माझ्याच लिनक्सवर बसलेले. पाठवण्याच्या आज्ञेचं नाव ‘सेंड’. तिला चार गोष्टी सांगाव्या लागतात : कोणत्या सॉकेटमधून, कोणता निरोप, किती बाइटांचा, आणि चौथी जागा फ्लॅगची, म्हणजे जादा सूचनांची. या चौथ्या जागी मी आजवर डोळे मिटून शून्य लिहीत आले. पुस्तकात तसंच होतं.

त्या दिवशी माहितीपान वाचताना दिसलं की तिथे शून्याऐवजी ‘एमएसजी_ओओबी’ असं लिहिता येतं. ओओबी म्हणजे ‘आउट ऑफ बँड’, नेहमीच्या प्रवाहाबाहेरचा, तातडीचा निरोप. म्हटलं, वा! लगेच ‘थांबा’ हा शब्द तातडीने पाठवून पाहिला. पलीकडे उमटलं ‘थांब’, आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्हाची एक चौकट.

आदरार्थी काना गळून पडला होता!

आधी संशय फाँटवर गेला. मग देवनागरीवर. म्हणून इंग्रजीत ‘हॅलो’ लिहून पाठवलं. शेवटचा ‘ओ’ गेला आणि पडद्यावर आलं ‘हेल’, म्हणजे चक्क नरक. म्हणजे दोष लिपीचा नव्हता, कोणीतरी प्रत्येक निरोपाचा शेवटचा बाइट काढून घेत होतं. आणि गंमत अशी की कुठेही चूक दाखवली जात नव्हती. कंपायलर गप्प. ‘सेंड’ला विचारावं तर ती सांगत होती, पंधराच्या पंधरा बाइट रवाना केले. (देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. थ, काना, अनुस्वार, ब, काना अशी पाच चिन्हं, पंधरा बाइट.) शेवटच्या कान्याचे दोन बाइट पोचले, तिसरा गायब. उरलेल्या दोहोंचं अक्षर होईना, म्हणून ती चौकट.

भाच्याला फोन लावला. तो हसत म्हणाला, “मावशी, तू त्या फ्लॅगला हात कशाला लावलास? तिथे शून्यच ठेव. सगळे तेच करतात.”

‘सगळे तेच करतात’ हे उत्तर मी पस्तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याकडून चालवून घेतलं नाही, तर भाच्याकडून कसं घेणार? बसले वाचत. आठवडाभर वाचल्यावर जे हाती लागलं, ते संगणकाच्या इतिहासाचं म्हणून सांगते आहे, पण त्यात आपल्या शाळेचाही एक धागा निघाला. तो शेवटी.

गोष्ट सुरू होते अर्पानेटपासून. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर उभं राहिलेलं हे जाळं १ जानेवारी १९८३ रोजी एनसीपी ही जुनी बोलण्याची रीत सोडून टीसीपी-आयपी या नव्या रीतीवर गेलं. जुन्या रीतीत मजकुराचा रस्ता वेगळा आणि नियंत्रणाच्या संदेशांचा रस्ता वेगळा होता. ‘थांबव’ असं सांगायचं तर ते दुसऱ्या रस्त्याने जाई. टीसीपीमध्ये एका जोडणीला रस्ता एकच. जे आधी पाठवलं ते आधी पोचणार, मागचं मागे.

त्याने अडचण कुठे येते पाहा. तुम्ही दूरच्या संगणकावर टेलनेटने काम करता आहात. तिथला प्रोग्रॅम वेड्यासारखा चालत सुटला आहे. तुम्ही कंट्रोल-सी दाबता, म्हणजे ‘बंद कर’. पण तुम्ही त्याआधी पाठवलेलंच त्या प्रोग्रॅमने अजून वाचलेलं नाही. तुमचं ‘बंद कर’ त्या न वाचलेल्या ढिगाच्या मागे उभं राहतं. ज्याला थांबवायचं तो ते वाचेपर्यंत थांबणार नाही, आणि तो काही वाचत नाही.

यावर तोडगा म्हणून टीसीपीच्या प्रत्येक पाकिटावर एक खूण ठेवली : ‘अर्जंट’ची. आणि तिच्या जोडीला सोळा बिटांचा एक आकडा, अर्जंट पॉइंटर. त्याचा अर्थ, ‘तातडीचा मजकूर इथपर्यंत आहे, तोवरचं भराभर वाचून काढ’. समोरच्याने ‘माझ्याकडे आता जागा नाही’ असं कळवलं असलं तरी ही सूचना त्याच्यापर्यंत जाऊ शकते. टेलनेटने तिचा वापर असाच केला. सूचना मिळाली की खुणेपर्यंतचा साधा मजकूर टाकून द्यायचा आणि त्यातल्या आज्ञा तेवढ्या उचलायच्या.

इथेच माझा पहिला गैरसमज दूर झाला. तातडी म्हटल्यावर मला आठवली आपली एक्सप्रेस तार. जास्त पैसे भरले की साध्या तारांना मागे टाकून ती पुढे जायची. (आपली तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली.) टीसीपीची तातडी तशी नाही. यात कोणीही कोणाला मागे टाकत नाही. रेशनच्या रांगेत मागे कोणी आजारी माणूस उभा आहे एवढंच दुकानदाराला कळतं, की बाबा, जरा हात चालव. माणूस आपल्या जागीच उभा राहतो.

मग माझा शेवटचा बाइट रांगेतून बाहेर काढला कोणी? तर बर्कलीने.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या गटाने ऑगस्ट १९८३ मध्ये युनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ती प्रसिद्ध केली. बिल जॉय, सॅम लेफलर ही त्यातली ठळक नावं. आज आपण जी सॉकेटची भाषा वापरतो ती तिथली. चार जागांची ‘सेंड’ तिथलीच, आणि चौथ्या जागेचे फ्लॅगही तिथलेच. सुरुवातीला होते फक्त तीन, १, २ आणि ४ या आकड्यांचे. १ म्हणजे ओओबी, तातडीचा. २ म्हणजे ‘पीक’, निरोप न उचलता नुसता डोकावून पाहायचा. ४ म्हणजे ‘डोंटराउट’, मधल्या वाटाड्यांना न विचारता थेट शेजारच्या जाळ्यात टाकायचा. १, २, ४ अशासाठी की दोन सूचना एकदम द्यायच्या तर आकडे जोडता येतात आणि बेरजेवरून कोणत्या दोन दिल्या ते नेमकं कळतं. तीन म्हटलं की १ आणि २, दुसरं काही असूच शकत नाही. चौथीच्या वर्गाला शिकवावी इतकी सुरेख युक्ती आहे.

आता या पहिल्याच फ्लॅगचं बर्कलीने काय केलं? तातडीच्या मजकुरातला एक बाइट, शेवटचा, रांगेतून काढून वेगळ्या खणात ठेवला. तो हवा असेल तर घेणाऱ्याने ‘रिसीव्ह’ला तोच फ्लॅग देऊन वेगळा मागायचा. मागितला नाही तर तो नेहमीच्या मजकुरात दिसत नाही. खणात मावतो एकच बाइट. म्हणजे मी पंधरा बाइट ‘तातडीचे’ म्हणून दिले, त्यातले चौदा साध्या रांगेत गेले आणि पंधरावा खणात पडून राहिला. माझ्या घेणाऱ्या प्रोग्रॅमला खणाची कल्पनाच नव्हती. असं वेगळं काढा असं मूळ नियमात कुठेही म्हटलेलं नव्हतं. तिथे फक्त ‘लक्ष द्या’ एवढंच होतं.

पण खरा घोळ याच्याही पुढे आहे.

टीसीपीचा मूळ नियम म्हणजे आरएफसी ७९३. सप्टेंबर १९८१, संपादक जॉन पोस्टेल. शिस्तीचा दस्तऐवज. त्यात पान १७ वर म्हटलं आहे की अर्जंट पॉइंटर तातडीच्या मजकुराच्या पुढच्या बाइटकडे बोट दाखवतो. आणि पान ५६ वर म्हटलं आहे की तो तातडीच्या शेवटच्या बाइटकडे बोट दाखवतो. एकाच दस्तऐवजात दोन पानांवर दोन अर्थ, फरक एका घराचा! ज्यांनी कधी प्रश्नपत्रिका काढली आहे त्यांना हे समजेल. कितीही वेळा तपासा, असं एखादं वाक्य राहतंच.

बर्कलीने पान १७ चा अर्थ धरला. त्यांचा कोड चांगला होता आणि सहज मिळत होता, म्हणून पुष्कळ यंत्रांवर तोच किंवा त्याच्यावरून बेतलेला कोड गेला. सगळे पान १७ बोलू लागले.

मग ऑक्टोबर १९८९ मध्ये आरएफसी ११२२ आला, संपादक रॉबर्ट ब्रेडन. जुन्या नियमांतल्या चुका काढणारं हे मोठं शुद्धिपत्रच म्हणा ना. त्यात निकाल दिला की पान १७ वरचं वाक्य चूक आहे, पान ५६ बरोबर. पॉइंटर शेवटच्या बाइटकडेच दाखवला पाहिजे. शिवाय तातडीचा मजकूर कितीही लांब असू शकतो, तो एकाच बाइटचा नव्हे, असंही बजावलं.

आणि काय झालं? जवळजवळ कोणीही ऐकलं नाही.

ऐकणार तरी कसं? समजा एखाद्याने आपलं यंत्र दुरुस्त केलं. पण समोरची सगळी यंत्रं जुन्याच अर्थाने बोलत आहेत. तो एकटा शुद्ध झाला तर त्याचंच बोलणं इतरांना चुकीचं कळणार आणि इतरांचं त्याला. लिनक्सने यासाठी एक कळ ठेवली आहे, नाव ‘टीसीपी_एसटीडीअर्ज’, म्हणजे मानक तातडी. ती मुळात बंद असते. माहितीपानात इशाराही आहे की चालू केलीत तर इतर यंत्रांशी नीट बोलता येईलच असं नाही. मानकाप्रमाणे वागायची कळ, आणि ती बंद ठेवलेलीच बरी! मी तो इशारा दोनदा वाचला.

अर्थात मी ती कळ चालू करून पाहिलीच. ‘थांबा’ पाठवलं, आणि काय आनंद! पूर्ण ‘थांबा’ उमटलं, काना शाबूत. म्हटलं, जिंकलं. मग फ्लॅगच्या जागी शून्य घालून दुसरा साधा निरोप पाठवला, ‘जाऊ नका’. त्यातला ‘ज’ फुटला. ही कळ फक्त घेणाऱ्याच्या बाजूचा अर्थ बदलते, पाठवणारा मात्र जुन्याच रीतीने एक घर पुढे बोट दाखवतो. त्यामुळे घेणारा त्या पुढच्या घरातल्या बाइटची वाट पाहत बसला, आणि पुढच्या निरोपाचा पहिला बाइट येताच तोच तातडीचा समजून खणात टाकला. अर्धवट शुद्धी झाली की चूक मिटत नाही, ती शेजाऱ्याच्या घरी जाते. हे मला माझ्या डोळ्यांनी दिसलं.

या एका घराच्या आणि एका खणाच्या गोंधळापायी पुढे नुकसानही झालं. १९९७ मध्ये ‘विननूक’ नावाचं एक छोटं हत्यार जाळ्यावर फिरत होतं. ते विंडोज ९५ किंवा एनटी असलेल्या संगणकाच्या १३९ क्रमांकाच्या दारावर अर्जंट खुणेचा मजकूर टाकायचं. तिथे असा मजकूर येईल हे कोणी धरलंच नव्हतं. संगणक निळा पडदा दाखवून कोसळायचा. गप्पांच्या खोल्यांत भांडण झालं की पोरं एकमेकांना असं उडवून लावायची. त्यासाठी मोठं ज्ञान लागत नव्हतं, तो फ्लॅग द्यायचा एवढंच. हल्ले ओळखणाऱ्या पहारेकरी प्रोग्रॅमांनाही हाच घोळ नडला. तातडीचा बाइट पहारेकरी मजकुरात धरतो आणि आतला संगणक धरत नाही, म्हणजे दोघं एकच ओळ दोन तऱ्हांनी वाचतात. मधोमध लबाडाला वाट मिळते. म्हणून काही फायरवॉल वाटेतच अर्जंटची खूण पुसून टाकू लागले. असं झालं की तातडीचा बाइट साध्या मजकुरात येऊन पडतो, आणि मग ज्या प्रोग्रॅमला तो वेगळा हवा होता तो बुचकळ्यात.

शेवटी जानेवारी २०११ मध्ये फर्नांडो गाँट आणि अँड्र्यू युरचेंको यांनी लिहिलेला आरएफसी ६०९३ आला. त्याने शांतपणे मान्य केलं की सगळी यंत्रं जे करतात तेच आता नियम. पान १७ चा अर्थ, जो १९८९ मध्ये चूक ठरवला होता, तो बावीस वर्षांनी बरोबर ठरला. सोबत सल्ला दिला : नव्या प्रोग्रॅमांनी ही तातडी वापरूच नये, आणि जुन्यांना वापरावी लागलीच तर ‘एसओ_ओओबीइनलाइन’ ही सूचना द्यावी, म्हणजे बाइट रांगेतून उचलला जात नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये आरएफसी ९२९३ आला आणि ७९३ ची जागा त्याने घेतली. त्यातही हेच कायम राहिलं. दोन वाक्यांतलं भांडण मिटायला चाळीस वर्षं लागली असं म्हणायला हरकत नाही.

ज्यांना खरोखर वेगळा रस्ता हवा त्यांच्यासाठी जुनाच साधा उपाय आहे, दुसरी जोडणी उघडायची. एफटीपीमध्ये आज्ञांची जोडणी वेगळी आणि फाइलींची वेगळी असते, ती अशीच.

आता तो शाळेचा धागा.

मी लहानपणी ‘नांव’, ‘कांहीं’ असं अनुस्वार देऊन लिहायला शिकले. मग मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले. १९६२ मध्ये चौदा नियमांना शासनाची मान्यता मिळाली, १९७२ मध्ये आणखी चारांची भर पडली. उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. मी शिक्षिका झाले ती नव्या नियमांची, लाल पेन हातात घेऊन.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. सातवीतला एक मुलगा निबंधात सगळीकडे ‘नांव’ लिहायचा. मी प्रत्येक ठिकाणी अनुस्वारावर काट मारून गुण कापले. दुसऱ्या दिवशी तो आजोबांचं पत्र घेऊन आला. सुरेख वळणदार अक्षर, आणि त्यात ‘नांव’. म्हणाला, “बाई, आजोबा चूक आहेत का?” मी म्हणाले, “नियम म्हणजे नियम.” तो पत्राची घडी घालून जागेवर जाऊन बसला. त्यानंतर त्याने अनुस्वाराची चूक कधी केली नाही. पण त्यानंतर वर्गात प्रश्नही कधी विचारला नाही. ते इतक्या वर्षांत मी कोणाला सांगितलं नव्हतं.

आठवडाभर हे आरएफसी वाचताना तो मुलगा डोळ्यांपुढे होता. दोन्हीकडे गोष्ट सारखीच, जुनी रूढी आणि नवा नियम. मग आमचा नियम रुजला आणि ब्रेडन साहेबांचा का नाही रुजला? नियम तिकडचाही शहाणपणाचाच होता. फरक एवढाच की आमच्याकडे दोन्ही टोकं एकदम बदलायची सोय होती. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीची पुस्तकं गावोगाव पोचली, परीक्षा त्याच नियमांवर झाल्या, आणि प्रत्येक वर्गात माझ्यासारखी एक लाल पेनवाली होती. लिहिणारा आणि वाचणारा दोघेही एका पिढीत बदलले. जाळ्यावर अशी बाई कोणीच नव्हती. तिथे जो तो आपल्या शेजाऱ्याशी बोलणं चालू राहावं म्हणून जुनंच धरून बसला, आणि त्यात त्याची चूकही नव्हती.

म्हणून मी नियमांच्या विरुद्ध गेले असं कृपा करून समजू नका. नियम नसता तर आज महाराष्ट्रभर एक शब्द चार तऱ्हांनी लिहिला गेला असता. पण नियम आहे तो निरोप पोचावा म्हणून, हे मी त्या मुलाला सांगायला हवं होतं. त्याचे आजोबा चूक नव्हते. ते ज्यांना लिहीत होते त्यांना त्यांचं ‘नांव’ नीट पोचत होतं. “आजोबांच्या वेळचा नियम वेगळा होता, आता आपण सगळ्यांनी मिळून हा धरला आहे,” एवढं एक वाक्य. तेवढ्यासाठी घड्याळात वेळ नव्हता असं मला तेव्हा वाटलं असणार.

असो. प्रोग्रॅमचं काय झालं तेही सांगते, नाहीतर भाचा विचारेल. कळ पुन्हा बंद केली. घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘ओओबीइनलाइन’ची एक ओळ घातली आणि ‘थांबा’ पूर्ण, अदबीने पोचलं. मग पाठवणाऱ्यातला फ्लॅग काढून चौथ्या जागी परत शून्य लिहिलं. भाचा सुरुवातीला म्हणाला होता तेच. पण आता ते शून्य तिथे का आहे, हे मला माहीत आहे.

तुमच्यापैकी कोणी ‘नांव’ लिहून गुण घालवले असतील तर जरूर कळवा. आता मी ते कापणार नाही.